बुजरं घोडं गाडीत चढवताना

नमस्कार मंडळी.

मार्गशीर्ष जवळ आला की तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्ताची यात्रा आणि पाठोपाठ माळेगावची खंडोबाची यात्रा, अशी घोडेवाल्यांची धांदल सुरू होते. खरारा होतो, नाल बदलले जातात, चंदीची, म्हणजे घोड्याच्या दाण्याची, पोती बांधली जातात. निघायच्या दिवशी पहाटे पिकअप दारात येते, फाळका, म्हणजे गाडीची मागची झडप, खाली पडतो आणि घोडं चारी पाय रोवून उभं राहतं. मग एक जण पुढून दोर ओढतो, दोघं मागून काठी घेतात, चौथा कान पिरगाळतो आणि उरलेले सगळे ओरडतात. तासाभरानं घोडं कसंबसं आत जातं. पण ते चढायला शिकलं नाही, बरं का. गाडी म्हणजे मार एवढंच ते शिकलं. पुढच्या खेपेला ते फाळक्याचा आवाज आला तरी घामाघूम होणार.

म्हणून आजचा विषय, बुजऱ्या घोड्याला गाडीत चढायची सवय कशी लावायची. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. घोडं गाडीकडे बघायच्या आधी दोर धरणाऱ्याकडे बघतं. म्हणून सवय लावायची ती आधी दोर धरणाऱ्याला.

हे पटावं म्हणून एका घोड्याची हकिगत सांगतो. घोडा आपल्याकडचा नाही, जर्मनीतला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा. पण घोडा पाळणाऱ्या प्रत्येकानं ती ऐकावी असं मला मनापासून वाटतं.

बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे निवृत्त शिक्षक राहत होते. त्यांच्याकडे हान्स नावाचा ओर्लोव्ह जातीचा घोडा होता. जनावरालाही माणसासारखी बुद्धी असते, फक्त शिकवायला हवं, असं या गुरुजींचं ठाम मत. म्हणून त्यांनी हान्सची शाळाच घेतली. अंगणात फळा, मणी, अंक, अक्षरं. वर्षानुवर्षं रोज धडा, बरोबर उत्तराला गाजर किंवा पावाचा तुकडा. आणि हान्स उत्तरं देऊ लागला! पाच अधिक तीन किती? हान्स उजव्या पायाची टाप आठ वेळा आपटायचा आणि थांबायचा. अपूर्णांकांची बेरीज करायचा. आज तारीख किती, घड्याळात किती वाजले, समोर माणसं किती, सगळं टापेनं सांगायचा. गुरुजी पैसे घेत नव्हते, अंगण सगळ्यांना मोकळं. बघ्यांची रीघ लागली. १९०४ साली तर हान्सची बातमी थेट अमेरिकेच्या वर्तमानपत्रात झळकली.

आता कुणी म्हणेल, मालक खुणा करत असेल. त्या वेळीही लोक तेच म्हणाले. म्हणून कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं चौकशी समिती बसली. त्यात सर्कसवाला होता, घोडदळातला अधिकारी होता, शिक्षक होते, जनावरांचे डॉक्टर होते. म्हणजे खुणा पकडण्यात मुरलेली माणसं. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, इथं लबाडी नाही. आणि खरंच नव्हती. गुरुजी बाजूला झाले आणि परक्या माणसानं प्रश्न विचारला, तरीसुद्धा हान्स बरोबर उत्तर द्यायचा!

मग श्टुम्फ यांचा शिष्य ऑस्कार फुंग्स्ट पुढे आला. या माणसाची चिकाटी बघा. हान्स तापट होता, फुंग्स्टला तो चावलासुद्धा, पण हा हटला नाही. त्यानं साधीच युक्ती केली. काही प्रश्न असे विचारले की विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे, आणि काही असे की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही. निकाल असा लागला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर हान्स शंभरात ८९ वेळा बरोबर. विचारणाऱ्याला माहीत नसेल तर शंभरात फक्त ६ वेळा. मग हान्सच्या डोळ्यांना मोठी झापडं लावली. विचारणारा दिसेना, तशी उत्तरं चुकू लागली आणि घोडा मान वळवून वळवून माणूस दिसतोय का ते शोधू लागला.

म्हणजे हान्सला गणित येत नव्हतं. त्याला माणूस वाचता येत होता. प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे वाकून टापेकडे बघतो. हान्स त्यावर पाय आपटायला लागायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मनावरचा ताण सुटतो आणि डोकं अगदी किंचित वर होतं. समोर उभ्या दुसऱ्या माणसाला दिसणारही नाही, इतकं किंचित. हान्सला तेवढं पुरे. तो थांबायचा. फुंग्स्टनं मग प्रश्न न विचारताच नुसतं पुढे वाकून पाहिलं, तर हान्स टाप आपटायला लागला. ताठ झाला, तर थांबला.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट पुढेच आहे. हे सगळं कळल्यावरसुद्धा फुंग्स्टला स्वतःच्या त्या हालचाली थांबवता येईनात. आपण डोकं हलवतो हे त्याला माहीत होतं, तरी ते हलायचंच आणि हान्स ते टिपायचाच. हे सगळं १९०७ साली छापून आलं. गुरुजींना मात्र ते पटलं नाही. १९०९ साली ते वारले.

लोक ही हकिगत ऐकून म्हणतात, बघा, घोड्याला काही येत नव्हतं. मला हे अजिबात पटत नाही. तेरा-तेरा शहाण्या माणसांच्या समितीला जे दिसलं नाही ते त्या जनावराला दिसत होतं!

आता चला आपल्या पिकअपजवळ. तुमच्या मनात धाकधूक आहे की हे चढतंय की नाही. तुमचा श्वास अडकलाय, मूठ आवळलीय, खांदे वर गेलेत. तुम्ही मागे वळून घोड्याच्या डोळ्यांत बघताय. घोडं काय वाचतं? पुढे काहीतरी धोका आहे, माझा माणूसच घाबरलाय. म्हणून दोर धरणाऱ्यानं घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं, तोंड घोडं ज्या दिशेला जायचंय त्याच दिशेला, नजर हौद्याच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या उघड्या भागाच्या, आत, श्वास सोडलेला. समोर उभं राहून ओढायचं नाही. पुन्हा सांगतो, समोर उभं राहून ओढायचं नाही. एक तर तुम्हीच वाट अडवता, आणि घोडं उसळलं तर थेट तुमच्या अंगावर येतं.

दोर सुती हवा, साडेतीन ते चार मीटर लांब, चांगल्या रुंद पट्ट्याच्या म्होरकीला, म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांना, लावलेला. नायलॉनचा दोर नको, हाताची सालं काढतो. हाताला कधीही वेटोळं घालायचं नाही. जाता जाता एक सांगतो, बाजारात म्होरकीला गोंडे, आरसे, घुंगरं यांवर हजारो रुपये जातात आणि दोर मात्र घरातला कुजका. आधी दोराला पैसे काढा.

पहिला आठवडा गाडी नाहीच. दोराला हलका ताण द्यायचा आणि थांबायचं. घोड्यानं एक पाऊल टाकलं, नुसतं वजन पुढे झुकवलं, तरी त्याच क्षणी दोर सैल. त्याच क्षणी! तीन-चार सेकंदांनी सोडलात तर कशाबद्दल सुटका मिळाली ते घोड्याला कळत नाही. दोर सैल होणं हेच त्याचं बक्षीस. तसंच मागे हटायला शिकवायचं, छातीला बोट लावून, एकेक पाऊल. मागे हटणं कुणी शिकवत नाही, आणि उतरताना नेमकं तेच लागतं.

मग जमिनीवर जाड प्लायवूड ठेवा, साधारण सहा फूट बाय चार फूट. त्यावरून घोडं चालवा. हुंगू द्या, खुरानं उकरू द्या. सवय झाली की खाली पातळ लाकडी पट्ट्या सरकवा, म्हणजे टापेचा पोकळ आवाज येईल. पुष्कळ घोडी फळीला नव्हे, या आवाजाला बुजतात.

दुसऱ्या आठवड्यात गाडी. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. गाडी हलली की सगळी मेहनत पाण्यात. बांधाला गाडी लावून हौदा जमिनीच्या पातळीला आणता आला तर उत्तम, नाहीतर उतरती फळी. फळीची लांबी हौद्याच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी. हौदा ८० सेंटीमीटर उंच असेल तर फळी अडीच मीटर, १२० असेल तर पावणेचार मीटर. रुंदी चार फूट, वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आणि काथ्याची चटई, दोन्ही बाजूंना आडोसा. हौद्यातही चटई आणि वर भुसा. नालाचा पाय पत्र्यावर एकदा घसरला की घोडं ते विसरत नाही.

आणि उजेड. उजेडातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्याला माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. त्याला हौदा म्हणजे काळं भोक दिसतं. ताडपत्री काढा, ऊन आत पडेल अशी गाडी लावा. चढण्याआधी घोड्याला मान खाली घालून बघू द्या, पायापुढचं त्याला तेव्हाच नीट दिसतं. मान वर खेचून धरलीत तर ते आंधळ्यासारखं पाऊल टाकणार. आधी एखादं शांत घोडं आत चढवलंत तर काम निम्मं होतं.

आता फळीवर पुढचा एक पाय. थांबा, मान खाजवा, आणि घोडं स्वतःहून मागे यायच्या आत तुम्हीच त्याला मागे घ्या. मग दोन पाय. पुन्हा मागे. मग पुढचे दोन आत, मागचे फळीवर. मग चारी आत, दोन घास कडबा, आणि बाहेर. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. चांगलं पाऊल पडलं की तिथंच थांबायचं. अजून एकदा करून बघू म्हणालात की बिघडलंच. घोडं अडलं तर एक टप्पा मागे जायचं, काठी शोधायची नाही.

चंदीची बादली समोर नाचवू नका. घोडं मान लांब करून घास ओढतं, पाय तिथंच राहतात. डोळ्यांवर फडकं बांधून एकदा चढवता येतं, दुसऱ्यांदा ते फडकं बघूनच पळतं. आणि गुंगीचं औषध डॉक्टरांशिवाय अजिबात नाही. गुंगीतलं घोडं चालत्या गाडीत तोल सांभाळू शकत नाही, पडतं.

इथं मनातलं बोलून घेतो. वरातीत डीजेच्या भोंग्यांपुढे तासन् तास उभी केलेली घोडी मग अशा बुजऱ्या होतात. लोक म्हणतात, सवय होते. सवय होत नाही, कान आणि मन दोन्ही जातात. ज्याला घोडं कळतं त्यानं सुपारी घेतानाच भोंग्यापासूनचं अंतर ठरवून घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्रम, लक्ष देऊन ऐका. चढवताना आधी मागचा आडवा दांडा, मग फाळका, आणि शेवटी घोडं बांधायचं. उतरवताना उलटं. आधी घोडं सोडायचं, मगच मागचं उघडायचं. घोडं बांधलेलं आणि मागचं उघडं, असं एक क्षणही नको. मागे मोकळं दिसलं की ते मागे झेपावतं, म्होरकी ताणली जाते, ते घाबरून उभं राहतं आणि डोकं वरच्या कमानीवर आपटतं. बांधताना एका झटक्यात सुटणारी गाठ, आणि दोर इतका लांब की मान खाली घालता येईल. नाकातली धूळ, शेंबूड बाहेर टाकायला घोड्याला मान खाली घालावीच लागते. मान वर बांधून लांबचा प्रवास केला की छाती भरते, निमोनिया होतो.

तिसऱ्या आठवड्यात दांडा लावा, फाळका लावा, पाच मिनिटं उभं ठेवा. दुसऱ्या दिवशी नुसतं इंजिन सुरू. मग गावाबाहेर दोन किलोमीटरची फेरी, सावकाश, वळणावर आणि ब्रेकला जपून. ड्रायव्हरला सांगा, मागे चार पायांवर उभं जनावर आहे. घोडी जास्त असतील तर प्रत्येक दोन घोड्यांमध्ये बांबू हवा, किमान ८ सेंटीमीटर जाडीचा. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत हे लिहिलेलं आहे, आणि जनावर प्रवासाला ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही त्याच नियमांत आहे. तो निघण्याआधी खिशात हवा.

यात्रेच्या मैदानावर पोचलात की लगेच गिऱ्हाईक दाखवायला धावू नका. एकेक पाऊल मागे घेत उतरवा, पंधरा मिनिटं हातानं फिरवा, थोडं थोडं पाणी पाजा, आधी कडबा आणि तासाभरानं चंदी. आणि जमलं तर त्याच संध्याकाळी, कुठं जायचं नसताना, रिकाम्या गाडीत एकदा चढवून उतरवा.

नमस्कार.