पारडी बदलून बघा

(दृश्य : सकाळ. कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड. गुळाच्या रव्यांची थप्पी.)

गुळाचा एक मोठा रवा, म्हणजे ढेप, तीस किलोचा. असे किती रवे माझ्या हमाल वडिलांनी, आबांनी, पाठीवरून उतरवले असतील, ते त्यांनी मोजलं नाही आणि आम्ही पोरांनीही नाही. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा सदऱ्याच्या खांद्याला गूळ वाळून कडक झालेला असायचा. त्यांच्या मागोमाग माश्या आत शिरायच्या.

आबा दुसरीपर्यंत शिकलेले. सही यायची, पण सहीच्या वर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारायला लागायचं. हे त्यांना फार लागायचं, असं मला आता वाटतं. तेव्हा कळलं नाही.

(दृश्य : भाऊसिंगजी रोड. कॅमेरा भवानी मंडपाकडे.)

१९८० साली आठवीला माझं नाव मेन राजाराम हायस्कूलला घातलं. जिल्हा परिषदेची शाळा. काळ्या दगडाची ही इमारत, भवानी मंडपाला लागून. अंबाबाईचं देऊळ हाकेच्या अंतरावर. आम्ही राहायचो शाहूपुरीत, एका खोलीत. व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, सीपीआर दवाखाना, मग भाऊसिंगजी रोड. रोज चालत. पावसाळ्यात चपला पिशवीत आणि दप्तर डोक्यावर.

दसरा चौकात बोर्डिंगची पोरं दिसायची. जैन बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. आम्हाला वाटायचं, प्रत्येक गावात असं असतंच. पुढं नोकरीनिमित्त चार जिल्हे फिरलो, तेव्हा कळलं की नसतं. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांसाठी ही वसतिगृहं उभी राहतील असं बघितलं. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळातला रुपया!

हे मी आबांना पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माज्या बाला कुनी केला न्हाई रं दंड. केला असता तर बरं झालं असतं.”

(दृश्य : जुनी पिवळी पडलेली पावती. जवळून.)

ही माझी टर्म फीची पावती. साडेचार रुपये. बाकीची फी ईबीसीत, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीत, माफ. ईबीसीच्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागायचा, आणि हमालाचं उत्पन्न कोण लिहून देणार? आज काम आहे, उद्या नाही. दाखल्यासाठी आबांच्या दोन दिवसांच्या हजेऱ्या बुडाल्या. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या क्लार्कनं स्वतःच्या डब्यातली भाकरी आबांपुढं सरकवली आणि म्हणाला, “बसा दादा, मी अर्ज लिहितो, तुम्ही नुसती सही करा.” त्या माणसाचं शाळेच्या कुठल्या बोर्डावर नाव नसणार. क्लार्कचं कोण लावतंय?

(दृश्य : काचेच्या पेटीतला तराजू. पितळी पारडी.)

आता मुद्द्याचं. नववीत विज्ञानाच्या सरांनी आम्हाला प्रयोगशाळेतला तराजू दाखवला. सरांचं नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही. तराजू काचेच्या पेटीत. खाली स्क्रू, आत बारीक ओळंबा. आधी तो सरळ लावायचा, मग खालची मूठ हळू फिरवायची की दांडी सुटते आणि काटा डुलायला लागतो. वजनं मखमलीच्या खोक्यात. सगळ्यात बारकी तर पत्र्याच्या कपच्या, मिलिग्रॅमच्या. चिमट्यानंच उचलायच्या. “हात लावलास तर घामाचं वजन धरावं लागेल,” सर म्हणायचे.

एका शनिवारी आबा मला न्यायला आले आणि दारात उभे राहिले. आत यायला तयार नव्हते, पाय चिकट आहेत म्हणून. सरांनी हाताला धरून आत आणलं. आबांच्या खांद्यावरचा गुळाचा वाळका खडा नखानं काढला, दोन्ही पारड्यांत सारखे कागद ठेवले, एकावर खडा ठेवला. पेटीचं दार लावलं. आम्ही तिघं श्वास धरून उभे. काटा डावीकडं चार घरं, उजवीकडं चार घरं. दोन ग्रॅम आणि वर थोडं.

आबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यापाशी उभे राहिलेले. त्यांनी विचारलं, “आनि ह्यो काटा खरा कशावरनं?”

मला लाजल्यासारखं झालं. सर मात्र खूश. म्हणाले, “लाखाचं बोललात! पटत नसेल तर पारडी बदलून बघा.” आणि त्यांनी खडा उजवीकडं ठेवला, वजनं डावीकडं. आबांना स्वतः मूठ फिरवायला लावली. एका बाजूची दांडी लांब असेल तर अदलाबदल केल्यावर वजन फिरतं. फिरलं नाही.

परत येताना दसरा चौकापर्यंत आबा एक शब्द बोलले नाहीत. मग नुसतं म्हणाले, “मास्तरला राग आला न्हाई.”

(दृश्य : बाजारपेठेतला काटा, त्यावर शिक्का.)

पुढं मी वैधमापन खात्यात लागलो. लोक आम्हाला वजनमापवाले म्हणतात. तीस वर्षं काटे तपासले, शिक्के मारले, बंद पाडले. सराफाचा असो नाहीतर भाजीवालीचा, काटा दोन पारड्यांचा असला की माझा हात आपोआप पारडी बदलायला जायचा. खात्याच्या प्रशिक्षणात ती रीत पुन्हा शिकवली, तेव्हा मी मनात हसलो होतो.

हल्ली कुणी “सरकारी शाळेत?” असं तोंड वाकडं करून विचारलं की मला राग येतो. तो तराजू आमच्या घराला सात पिढ्यांत परवडला नसता. आणि ज्या लोकांच्या पैशानं तो घेतला, त्यातला एकही आबांना ओळखत नव्हता.

(दृश्य : पुन्हा मार्केट यार्ड. इलेक्ट्रॉनिक काटा.)

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात इथंच तपासणीला आलो होतो. आता सगळे इलेक्ट्रॉनिक काटे. पारडी नाहीत, मग एकच वजन प्लॅटफॉर्मच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. हमालाचं एक पोरगं शेजारी उभं होतं, शाळेच्या गणवेशात. म्हणालं, “काका, तेच तेच चारदा कशाला?”

मी पाच किलोचं वजन त्याच्या हातात दिलं. “पहिला कोपरा तू ठेव,” म्हटलं, “आणि आकडा मोठ्यानं वाच.”