चवथीआधीची आवराआवर

मंडळी, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. गोव्यात फोंड्यापासून काणकोणापर्यंत घराघरांत आता जळमटं निघतील, भिंतींवरची बुरशी खरवडली जाईल. ती कामं कशी करायची हे तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते हातात घेऊन आपण घुटमळतो त्या वस्तूंबद्दल. ठेवायची की टाकायची, एवढंच आपण विचारतो. माझं म्हणणं असं की आधी हे विचारावं: हिचं काम आपल्या घरात कधी थांबलं, आणि ते थांबवायचं असं कुणी ठरवलं होतं का?

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खोली घ्या. सोलं, चिंच, मिरची, अळसांदे, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, सुंगटं आणि जाडं मीठ, हे सगळं मे संपायच्या आत घरात यायचं. त्याला कारण होतं. पावसात होडी समुद्रात जात नसे, नदीपलीकडचा बाजार दूर पडे. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पण दुकान मात्र भर पावसात उघडं असतं. म्हणून बरण्या रिकाम्या झाल्या. यात वाईट काही नाही. घरात माणसं तीन असताना वीस जणांची साठवण कशाला? सुक्या मासळीची बरणी खुशाल द्या कुणाला.

मिठाच्या बरणीपाशी मात्र थांबा. रायबंदर, नेरूल, आगरवाडा इथल्या मिठागरांचं मीठ वर्षाचं एकदम घेणारी घरं होती, म्हणून आगर चालत होते. पिशवीतलं बारीक मीठ आलं, बरणी माळ्यावर गेली, आणि आगरवाल्याचं गिऱ्हाईक गेलं. हे आपण कुणी बसून ठरवलं नव्हतं. ती बरणी धुऊन पुन्हा भरणं आजही जमण्यासारखं आहे, आणि ते करावं असं मला फार वाटतं.

माळ्यावरच माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं बांधायची, लाकडी चौकट असेल. ती तर टाकूच नका. कांगलां, घागऱ्यो, कवंडळां ही रानातली फळं-शेंगा म्हापशाच्या बाजारात विकत मिळतात, हे खरं. पण कुठलं फळ कुठल्या डोंगरावर मिळतं हे मुलांना कळायचं ते चौकट बांधायच्या निमित्तानेच.

आता कागद. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पण जमिनीची त्यांच्या भाषेतली खतं अजून कामाला येतात. वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका; वाळवी लागण्याआधी कोरड्या डब्यात ठेवा, जाणकाराकडून वाचून घ्या. आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे मुलीलाही मुलाइतकाच वाटा आहे. म्हणजे मूळ घरातला पेटारा हा तिथे राहणाऱ्या एकट्या भावाचा नसतो, आणि त्यातलं काय जावं हे एकट्या वहिनीनं ठरवायचं नसतं. तिच्यावर तो भार टाकणंही अन्यायाचं आहे. वर्षभर धूळ तीच झाडते.

चवथीला मुंबईची, पुण्याची, आखातातली सगळी घरी येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली की पेटारा ओसरीवर आणा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना आधी बोलवा.