नियम तोच, ताट निराळं

मंडळी, मध्ययुगीन युरोपातल्या मठांचा विषय निघाला की प्रार्थना आणि हस्तलिखितं यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला आज त्यांच्या जेवणाबद्दल बोलायचं आहे. मठातलं रोजचं जगणं कसं पालटत गेलं, ते ताटात जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कॅसिनोच्या संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. पुढे कित्येक शतकं पश्चिम युरोपातले बहुतेक मठ ती प्रमाण मानत होते. तिच्यात जेवणाचा हिशेब चोख आहे : दिवसाला एक पौंड पाव, दोन शिजवलेले पदार्थ, थोडी वाइन. चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य; सूट फक्त अगदी अशक्त आजाऱ्यांना. वाइनबद्दल तर तो स्वतःच म्हणतो, की खरं पाहता ती संन्याशांनी पिऊच नये, पण हे हल्लीच्या लोकांना पटत नाही! म्हणजे तडजोड पहिल्या दिवसापासून होतीच.

पुढे हा नियम कुणी खोडला नाही. वाटा मात्र निघत गेल्या. कुणी धनिक मठाला जमीन देई आणि अट घाली, की माझ्या पुण्यतिथीला मठवासीयांना एक जादा पदार्थ वाढावा. दाते वाढले, पुण्यतिथ्या वाढल्या, मासे-अंड्यांचे जादा पदार्थही वाढले. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ना, तशातलाच प्रकार. ११२५ च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने क्लूनी या तिथल्याच बड्या बेनेडिक्टाइन (म्हणजे बेनेडिक्टची नियमावली मानणाऱ्या) मठातल्या मंडळींची यावरून भरपूर टर उडवली : अंडी काय उकडतात, तळतात, भाजतात, फेटतात, सारण भरतात! बर्नार्ड सिस्टर्शियन पंथाचा. नियम अक्षरशः पाळायचा म्हणून १०९८ मध्ये हा पंथ निघाला होता. त्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो.

जेवणाची वेळसुद्धा जागची हलली. वर्षातले बरेच महिने दिवसाचं एकमेव जेवण दुपारच्या 'नोन' प्रार्थनेनंतर असे, म्हणजे तीनच्या आसपास. ही प्रार्थना हळूहळू मध्यान्हीकडे सरकत गेली. भूक काय करू शकते, पाहा.

पण खरी गंमत मांसाची. आजाऱ्यांना सूट होती, ती आजाऱ्यांच्या खोलीत. मग धडधाकट माणसंही तिकडे जेवायला जाऊ लागली. सामायिक भोजनगृहात बसलं तर नियम लागू, दुसऱ्या खोलीत बसलं तर सूट, असा अर्थ निघाला. १३३६ मध्ये पोप बाराव्या बेनेडिक्टने बेनेडिक्टाइन मठांपुरता या प्रकाराला कायदेशीर साचाच घालून दिला : आठवड्यातले चार दिवस, भोजनगृहाबाहेर मांस चालेल, बुधवार, शुक्रवार, शनिवार नाही, आणि दर वेळी निदान निम्म्यांनी भोजनगृहात साधं जेवण घेतलंच पाहिजे. थोडक्यात, पाळी लावा! याला ऱ्हास म्हणायची घाई मी करणार नाही. हा पोप स्वतः सिस्टर्शियन होता, शिस्तीचा कडक. जे थांबत नाही त्याला निदान मोजमाप असावं, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

आता सिस्टर्शियनांकडे येऊ. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ कर्कस्टॉलला १२ व्या शतकातला त्यांचा मठ होता. १५ व्या शतकापर्यंत मांसाची सवलत त्यांच्याकडेही पोचली. तेव्हा तिथल्या मंडळींनी काय करावं? उंच छताच्या भोजनगृहात मध्ये तक्तपोशी टाकून त्याचे दोन मजले केले. वर बिनमांसाचं जेवण, खाली मांसाचं. शेजारी मांसासाठी वेगळं स्वयंपाकघर बांधलं. नियम वर, सवलत खाली, जिना चढायचा की नाही एवढाच प्रश्न. उत्खननात त्या स्वयंपाकघराच्या आसपास हाडांचा मोठा साठा सापडला, बहुतेक गुरांची. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३९ मध्ये मठ बंद केला, तोवर ही व्यवस्था चालू होती.