पाळिया कोणाचा?

(बडोद्यातील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, बडोद्याबाहेर पडलात की गावांच्या वेशीवर पाळिये, म्हणजे आपले वीरगळ, दिसतात. घोड्यावरचा स्वार, हातात शस्त्र, वर सूर्यचंद्र, खाली नाव नि तिथी, अंगाला शेंदूर. गुरं सोडवताना, गाव राखताना पडलेल्याचा तो मान. आता मला सांगा, जो लढलाच नाही, नुसता बसची वाट बघत उभा होता, त्याचा दगड कुठं बसवायचा?

लंडनच्या एल्टम भागात तो चक्क फुटपाथमध्ये बसवलाय. स्टीफन लॉरेन्स, वय 18, आर्किटेक्ट व्हायचं होतं. 22 एप्रिल 1993 च्या रात्री गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं केवळ कातडीच्या रंगावरून त्याला भोसकलं. दोघांना शिक्षा झाली ती थेट 2012 मध्ये. त्याचं दफन जमैकात झालं, त्यामुळे लंडनमध्ये ही फरशीच काय ती त्या जागेची खूण. तिची तोडफोड झाली, विटंबना झाली. 1999 मध्ये त्याच्या खुनाच्या तपासावरच्या चौकशी अहवालानं लंडनचं पोलीस दल संस्था म्हणूनच वंशवादी ठरवलं आणि त्याच सुमारास कुणीतरी फरशीवर पांढरा रंग ओतला. राखणीला लावलेला कॅमेरा? तो नकली निघाला! तरी फरशी तिथेच राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. आत संग्रहालयात नेली असती तर सुरक्षित राहिली असती आणि येता-जाता कुणाच्या नजरेलाही पडली नसती.

अहमदाबादचे वसंत-रजब तुम्हाला ठाऊक आहेत. वसंतराव हेगिष्टे आपलेच, मराठी. रजबअली लाखाणी तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे. 1 जुलै 1946 ला जमालपूरच्या दंगलीत लोकांना वाचवताना दोघंही मारले गेले. त्यांचं बंधुत्व स्मारक गायकवाड हवेलीत आहे, म्हणजे गुन्हे शाखेच्या आवारात. पोलिसांनी ते केलं, याबद्दल त्यांना धन्यवाद. पण हौसेनं तिथं पाऊल टाकणारा माणूस मला तरी दाखवा! आणि ते दोघं पडले वाचवताना, म्हणून त्यांना पाळियाचा न्याय लागू पडतो.

चौकात चाकू खाल्लेल्या पोराला आपण काय देतो? फ्लेक्स. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, पोराचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरून फुगवलेला, आणि भोवती हात जोडलेल्या नेत्यांचे पंधरा चेहरे, काही तर पोरापेक्षा मोठे. पहिल्या पावसात कडा सुटतात, मग एखादा हातगाडीवाला तोच फ्लेक्स ताडपत्री म्हणून नेतो. मी त्याला दोष देत नाही. फार झालं तर कुणी पोराला ‘हुतात्मा’ करून टाकतं, म्हणजे तो कशासाठी तरी मेला असं वाटून आपल्याला बरं वाटतं. तो कशासाठीही मेला नाही हो, तो घरी निघाला होता.

माझं मागणं एवढंच: जागेवर एक फरशी, नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. नेत्याचं नाव नको, उद्घाटकाचं तर मुळीच नको. आता प्रश्न घेऊ या; फक्त फुटपाथ दरवर्षी कशाला खणतात, ते मला विचारू नका.