आठ नंबर म्हणजे किती जव?

नमस्कार मंडळी. वाचनालयाने बोलावलं तेव्हा मी म्हटलं, मी चपला-बुटांचा दुकानदार, मला कसलं व्याख्यान जमणार! ते म्हणाले, गिऱ्हाइकाला सांगता तेच सांगा. तर तेच सांगतो.

गेल्या महिन्यात एक आजोबा कोऱ्या बुटांचा खोका घेऊन आले. मुलाने अमेरिकेतून आणलेले. बाबांचा नंबर आठ, म्हणून त्यानेही आठच घेतले, आणि पाय काही आत जाईना. आजोबा विचारतात, "म्हातारपणी पाय वाढतो का हो?" थोडा पसरतो खरा, पण इथे भानगड वेगळी होती. आपण आठ म्हणतो तो ब्रिटिश आठ. अमेरिकेत पुरुषांसाठी त्याला नऊ म्हणतात, काही कंपन्या साडेआठ.

हा ब्रिटिश आकडा आला जवाच्या दाण्यावरून. तीन दाणे लांबीला लावले की एक इंच, आणि एक दाणा म्हणजे एक नंबर, साधारण साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडेही जव होताच की! आठ यवांचं एक अंगुल. फक्त आपण दाण्याची पोटाजवळची रुंदी धरायचो आणि साहेबाने त्याची लांबी धरली.

आता गणित बघा. मोजणी शून्यापासून, पण शून्यालाच चार इंच धरलेले. म्हणजे बारा दाणे. मग लहान मुलांचे तेरा नंबर, आणि तेरा झाले की पुन्हा एकपासून मोठ्यांचे. (नातवाचा नंबर तेरावरून एकावर आला की आज्या घाबरतात, त्याचं कारण हे.) बारा, तेरा आणि आठ, झाले तेहेतीस दाणे, म्हणजे अकरा इंच.

पण आजोबांचं पाऊल अकरा इंच नव्हतं. ही लांबी कलबूताची, ज्यावर बूट चढवून शिवतात त्या साच्याची. बोटांपुढे मोकळी जागा हवी म्हणून कलबूत पावलापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर मोठं असतं. युरोपचा आकडाही कलबूताचाच. तिथे फ्रेंच माप चालतं, एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. अकरा इंच म्हणजे जवळपास 28 सेंटिमीटर, म्हणून आपला आठ तिकडे 42. बायकांचा पाच तिकडे 38, पण अमेरिकेत सात किंवा साडेसात, कारण तिथे बायकांची मोजणी पुरुषांपेक्षा वेगळी. जव आणि फ्रेंच माप यांची पायरीच वेगळी, त्यामुळे तक्ते कुठेही अगदी बिनचूक जुळत नाहीत. साडेबेचाळीस वगैरे आकडे त्यातूनच येतात.

जपानी लोक यात शहाणे, ते थेट पावलाचेच सेंटिमीटर सांगतात. बुटाच्या जिभेमागच्या पट्टीवर सेंटिमीटरची ओळ बहुधा असते, ती आधी वाचा.

लांबी जमली तरी चवडा दाबला जातो, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभर 79 ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. आपली पावलं पाश्चात्त्यांपेक्षा रुंद निघाली. त्यावरून भारतीय मापाची पद्धत आखली, नाव 'भा'. मला विचाराल तर हे पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. नंबर मोठा घेऊन रुंदी मिळवायची आणि मग टाच मागे फटफटत चालायचं, हे किती दिवस?

आजोबांना मी संध्याकाळी परत बोलावलं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागदावर उभं केलं, सगळा भार पायावर. पेन्सिल सरळ धरून टाचेमागे एक आणि सगळ्यांत लांब बोटापुढे एक खूण केली. उजवा 26.1, डावा 26.5. माप नेहमी मोठ्या पायाचं घ्यायचं. तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला आणि जोरात सांगितलं, "अरे, नऊ. आणि रुंदीला नेहमीचा डी नको, त्याहून रुंद टू-ई बघ!"