घाटबर्राचा कागद

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या लोंढ्याच्या स्टेशनात कोळशाच्या वॅगनी बघितल्या असतील की तुम्ही. तो कोळसा बहुतेक बाहेरच्या देशातला, मुरगाव बंदरात बोटीनं उतरलेला, त्यामुळं आपल्याला कोळसा म्हणजे खिडकीवर बसणारी धूळ एवढंच माहीत, त्याच्यावर कुणाचं गाव असतंय हे डोक्यात येतच नाही.

म्हणून आज छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यातलं घाटबर्रा सांगतो. हसदेवच्या जंगलातलं आदिवासी गाव, मोह वेचायचा, तेंदूपत्ता तोडायचा, गुरं चारायची, सगळं जंगलावरच. आता अशा जागेचा उतारा कुणाच्या नावावर असणार? आपल्या खानापूरच्या जंगलातल्या गवळी-धनगरांना विचारा, पिढ्या गेल्या तरी पहाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यात, नाव नाही. त्यासाठीच २००६ चा वनहक्क कायदा आला, अन् २०१३ ला घाटबर्राला सामूहिक वनहक्काचा, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून जंगलावर हक्क असल्याचा, कागद मिळाला पण.

जानेवारी २०१६ मध्ये तो रद्द. जंगल आधीच २०१२ ला कोळशाच्या खाणीला दिलं होतं म्हणे, आणि दुसरं कारण ऐका, गावकरी ह्या हक्काचा आधार घेऊन खाणीचं काम अडवायला लागलेत! अहो, मग हक्क काय फ्रेम करून भिंतीवर लावायला दिला होता काय.

त्यात कोळशाची जमीन सरकारनं ताब्यात घ्यायचा कायदाच वेगळा, १९५७ चा. राजपत्रात नोटीस निघते, हरकतीला ३० दिवस, ग्रामसभेला विचारायचं त्यात कुठंच नाही. आमच्या घरी कन्नडमधली नोटीस आली की आजी शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारायची, वाचून दाखव रे म्हणून. पण निदान ती दारात तरी यायची. दिल्लीचं राजपत्र मोह वेचणारीनं कुठं बघायचं सांगा की ओ.

ऑक्टोबर २०२१ ला हसदेवच्या गावांतली माणसं रायपूरला चालत निघाली, ३०० किलोमीटर, म्हणजे आपण बेळगावातून चालत जवळजवळ पुणं गाठायचं. बायका-म्हातारी सगळी. हसदेवमधल्याच परसा नावाच्या दुसऱ्या कोळसा खाणीसाठी दाखवलेले ग्रामसभेचे ठराव खोटे आहेत, चौकशी करा, एवढंच मागणं. राज्यपाल भेटल्या, ऐकून घेतलं. माणसं घरी परतली, पायाचे फोड पण सुकले नसतील, तोवर २१ ऑक्टोबरला केंद्रानं त्याच परसा खाणीला जंगलाची शेवटची मंजुरी देऊन टाकली.