खांद्यावरची होडी

(दृश्य: पहाट. लिटल क्लिअर पाँड. पाण्यावर दाट धुकं.)

सकाळचे सहा वाजलेत. पलीकडचा काठ अजून दिसत नाही. वल्हं वर येतं, पात्यावरचं पाणी टपटप गळतं, तेवढाच काय तो आवाज.

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात. हेही न्यूयॉर्कच, पण शहराच्या उत्तरेला गाडीने पाच-सहा तासांवरचं. हा अ‍ॅडिरॉन्डॅकचा डोंगराळ मुलूख. १८९२ मध्ये इथे पार्क झालं, आज त्याचा पसारा साठ लाख एकरांच्या घरात आहे. त्यातलं राज्याच्या मालकीचं जंगल कायम जंगलच राहील, असं कलम १८९४ मध्ये थेट राज्यघटनेत घातलं गेलं.

या पसाऱ्यातला एक तुकडा फक्त वल्ह्याच्या होड्यांसाठी राखलेला आहे: सेंट रेजिस कनू एरिया. सुमारे अठरा हजार एकर आणि त्यात लहानमोठी ५८ तळी. इंजिनाला इथे मनाई.

(दृश्य: काठाला लागलेली होडी. सामान उतरवणारे हात.)

तळ्यांच्या मधे जमीन आहे. म्हणजे होडी उचलायची आणि चालायला लागायचं. या वाटेला बाकीचे लोक पोर्टेज म्हणतात, इथली माणसं म्हणतात ‘कॅरी’.

लिटल क्लिअरपासून सेंट रेजिस पाँडपर्यंतची कॅरी साधारण एक किलोमीटरची. होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची. मधल्या आडव्या लाकडाला मानेसाठी खोबण केलेली असते, बैलाच्या जूसारखी. इंग्रजीतही या लाकडाला जूच म्हणतात. एकदा डोकं आत गेलं की जग चार पावलांपुरतं उरतं: झाडांची मुळं, चिखल, पुढच्या माणसाचे बूट. डास नेमके तेव्हाच येतात, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात, हे त्यांना ठाऊक असावं.

दोघांची केव्हलारची, म्हणजे हलक्या पण चिवट कृत्रिम धाग्याची होडी वीस किलोच्या आसपास भरते. जुनी अ‍ॅल्युमिनियमची तिशीच्या वर जाते. म्हणून इथे गप्पा वजनाच्या. तंबू किती, भांडी किती, आणि तो जाड स्वेटर खरंच हवा होता का?

(दृश्य: संग्रहालयातली छोटी होडी. कॅमेरा तिच्या पातळ फळ्यांवरून सरकतो.)

या वजनाच्या वेडाचा मूळपुरुष म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. पेनसिल्व्हेनियातला एक चांभार, ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहायचा. ठेंगणा, किरकोळ अंगाचा, तब्येतीने खचलेला. जड होडी उचलणं त्याला झेपणारं नव्हतं आणि वाटाड्या ठेवायला खिसा परवानगी देत नव्हता. कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या कारागिराने १८८३ मध्ये त्याच्यासाठी सीडरच्या लाकडाची नऊ फुटी होडी घडवली. वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोसुद्धा नाही! एकसष्टीच्या सीअर्सने त्याच वर्षी तिच्यातून २६६ मैलांची भटकंती केली. होडी शाबूत राहिली, आजही आहे.

त्या काळी इथे श्रीमंत पाहुणेही येत. पॉल स्मिथच्या हॉटेलातून सारनॅक इन या दुसऱ्या हॉटेलात जाताना ते नावेत बसून असत. वल्ही मारायची आणि कॅरीवर नाव खांद्यावर घ्यायची, ही कामं वाटाड्याची. सात वेळा उचलावी लागे, म्हणून मार्गाचं नावच ‘सेव्हन कॅरीज’. लिटल क्लिअरवरून निघालं तर सहाच लागतात. खांदे तेवढ्यावरही खूश असतात.

(दृश्य: सेंट रेजिस पाँड. दुपार. वल्हं जवळून.)

याला पाँड म्हणायचं, म्हणजे कमालच. एवढ्या पाण्याला आपण सरळ तलाव म्हटलं असतं.

एकट्याने एकाच बाजूने वल्हवलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उलट्या बाजूला वळू लागते. नवखा माणूस वल्हं सारखं इकडून तिकडे करतो आणि मांडी भिजवून घेतो. जाणता बाजू बदलत नाही. फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवतो, पातं किंचित बाहेर रेटतो. होडी सरळ जाते. दहा मिनिटांत समजतं, पण हाताला वळण लागायला अख्खा उन्हाळा जातो.

(दृश्य: रात्र. तंबूतला मिणमिणता दिवा.)

तंबूला मुभा असल्याची पिवळी चकती ठोकलेली जागा बघून तंबू लावला. खाण्याची पिशवी लांब झाडावर टांगली, कारण इथे काळी अस्वलं आहेत.

(लूनची हाक. पाच सेकंद निवेदन नाही.)

हा लून. लाल डोळ्यांचा, पाणबुड्या पक्षी. पाय इतके मागे, की जमिनीवर धड चालता येत नाही. उडायचं तर पाण्यावरून लांबवर धावत जावं लागतं. लांडग्यासारखी ही हाक एकाची, आणि पलीकडच्या तळ्यातून आलेलं उत्तर दुसऱ्याचं. दोघांच्या मधे एक कॅरी.

(दृश्य: दुसरा दिवस. ग्रीन, लिटल लाँग, बेअर, बॉग. झपाट्याने.)

चार तळी, पाच कॅरी. बॉग पाँड तर एवढंसं, की होडीत नीट बसेपर्यंत पलीकडचा काठ येतो.

(दृश्य: अप्पर सेंट रेजिस लेक. रुंद पाणी, काठावर जुने बंगले.)

कनू एरिया मागे राहिला. इथे इंजिनाला परवानगी आहे. एक मोटारबोट लांबून जाते. आवाज विरतो, मग तिची लाट येते आणि आपली होडी दोनदा डुलते.

पुढे बसलेली मैत्रीण वल्हं मांडीवर आडवं ठेवते आणि मागे वळून विचारते, “परत जायचं?”

परतीच्या वाटेवर सहा कॅरी. होडी वळते.